मुक्कामाच्या गाडीचं जेवण

आमचं गाव वडखळपासून आत, खाडीच्या बांधाला लागून. पूर्वी रोज संध्याकाळी पेणहून एसटी यायची, गावातच मुक्काम करायची आणि सकाळी सहाला परत पेणला जायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपत. त्यांचं जेवण गाव करी, रोज एक घर. शाळेच्या भिंतीवर खडूनं घरांची पाळी लिहिलेली असे. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, जे घरात असेल ते. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही. मोडली कुणी, ते मात्र मला ठाऊक आहे.

मी रोह्याच्या एका कंपनीत आहे. बरीच वर्षं त्याच गाडीनं पेण आणि तिथून रेल्वेनं रोहा असा जात होतो. रोह्याच्या आधीचं निडी स्टेशन गेलं की पिशवी उचलून दाराशी उभं राहायचं, ही सवय अंगात मुरली होती. मग मोटारसायकल घेतली. वडखळवरून थेट रोहा, पेणचा उलटा फेरा नको. जाता-येता बराच वेळ वाचू लागला. माझं बघून कंपनीत जाणाऱ्या एकेकाच्या दारात मोटारसायकल आली.

एकदा शाळेत बैठक होती. विषय दुसराच होता, पण बोलता बोलता मी म्हणालो, "आपण गाडीत बसतच नाय, तर जेवण आपण का घालायचं? ज्याला गाडी लागते त्यानं घालावं."

कंपनीवाले हुशार झाले, असं कुणीतरी हसत म्हणालं. विरोध कुणी केला नाही. बाहेर पडताना भिंतीवरचं आमच्या घराचं नाव मी तळहातानं पुसलं. आठवडाभरात बाकीच्यांनीही आपापली नावं पुसली.

सहा घरं उरली. त्यातलं एक माझ्या वहिनीचं. भाऊ गेल्यापासून ती जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. तिचा हात इतका स्थिर की मोठ्या मूर्तींचे डोळे मालक तिच्यासाठी राखून ठेवी. सकाळच्या गाडीनं ती पेणला जाई, तिथून दुसऱ्या गाडीनं जोह्याला. संध्याकाळी दमून उतरायची आणि दर सहाव्या दिवशी आणखी दोन माणसांचं रांधायची.

पुढे एका घरात सुतक आलं, एक घर लग्नाला बाहेरगावी गेलं. गाडीची माणसं बिस्किटं खाऊन झोपली. एकदा नव्हे, चार-पाचदा. हे मला नंतर कळलं, पण विचारलं असतं तर तेव्हाही कळलं असतं. गाडीत बसणारेही आता थोडेच होते. मुक्काम बंद झाला. आता पहिली गाडी अकराला येते.

कारखान्यात आठला हजर व्हावं लागतं. काही महिने वहिनी पहाटे बांधावरून वडखळपर्यंत चालत गेली. पावसात बांधावर पाय ठरत नाही. दोनदा पडली आणि तिनं काम सोडलं. आता घरी बसून व्यापाऱ्याची कोलंबी सोलून देते.

मी सोडत जाईन, असं एकदा तिला म्हणालो. तिनं मान वर केली नाही.

"भावोजी, तुमची गाडी रोह्याला जाते. मला जोह्याला जायचं हाय."

यंदा मी मुक्कामाची गाडी पुन्हा मागण्यासाठी अर्ज लिहिला. डेपोतल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. रोज बसणाऱ्यांची नावं आणा आणि आमच्या माणसांच्या जेवणाचं बघा, एवढंच म्हणाले. मी दारोदार फिरलो. कंपनीवाल्यांनी पाणी विचारलं, सही दिली नाही. मोटारसायकलींच्या धुरानं शेतातला भात काळवंडतो, हायवेवर दर महिन्याला कुणाचा तरी पाय मोडतो, असं मी सांगत होतो. बाहेर माझीच मोटारसायकल उभी असे.

शेवटी वहिनीकडे गेलो. तिनं कोलंबीचे हात धुतले, पदराला पुसले आणि सही केली. जेवणाच्या यादीतही स्वतःचं नाव लिहिलं, आठवड्यातून दोनदा. मग दोन्ही कागद वरपासून खालपर्यंत सावकाश वाचले.

"ह्यात तुमचं नाव नाय," ती म्हणाली.

कागद तिनं माझ्यापुढे ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि पुन्हा कोलंबी सोलायला बसली. सकाळी सहाची गाडी, पेणला रेल्वेची वाट बघणं, घरी यायला दिवेलागण, हे सगळं मी मनात मोजत राहिलो. उद्या करतो, असं म्हणून उठलो.

अर्ज अजून मोटारसायकलच्या डिकीत आहे.