बंद स्क्रीनवरचा भाव

"रोज नंबर वाचून सांगा लागत असंन तं नको, सर. वाचायचं काईच नको."

युसुफभाईंनी हे इतक्या सहजपणे सांगितले की, कामाच्या गर्दीत असलेल्या माणसाची ती एक साधी अडचण आहे असेच मी समजलो.

अकोल्याच्या धान्यबाजारात त्यांची अडत होती. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारा आणि दोघांमधला हिशोब करून देणारा मध्यस्थ. तूर दाताखाली फोडून तिच्यातला ओलावा सांगण्यात त्यांचा हात धरणारा त्या ओळीत कोणी नव्हता. दुकान खाली, घर वर. मी अमरावतीहून त्यांच्या लॅपटॉपच्या कामासाठी अधूनमधून जात असे. महाविद्यालयातली कंत्राटी अध्यापकाची नोकरी संपल्यावर, चाळिशी ओलांडून मी या व्यवसायात आलो. ग्राहकाला उलट प्रश्न विचारण्याचे धाडस माझ्यात तेव्हाही फारसे नव्हते.

त्यांची मागणी स्पष्ट होती. त्यांची मुलगी नसरीन वाणिज्य शाखेची पदवीधर होती. तिने वरच्या मजल्यावर आपल्या लॅपटॉपसमोर बसावे आणि तिथूनच खालचा लॅपटॉप चालवावा. बाजाराच्या त्या ओळीत दुकानावर मुलगी बसवण्याची रीत नव्हती. हिशोबाच्या प्रोग्रामचा परवाना मात्र खालच्या एकाच लॅपटॉपपुरता होता. म्हणून हा सगळा खटाटोप.

मी दोन मार्ग सांगितले. पहिला फुकटचा. त्यात दोघांनाही एकच स्क्रीन दिसते, पण प्रत्येक वेळी खालच्या माणसाने स्क्रीनवर आलेला नंबर वरच्या माणसाला वाचून सांगावा लागतो. त्याला त्यांनी काय उत्तर दिले ते वर आलेच आहे. दुसरा मार्ग विंडोजमध्येच असलेल्या रिमोट डेस्कटॉपचा. त्यात एकदा पासवर्ड बसवला की खालच्या माणसाला काहीही करावे लागत नाही. मात्र त्यांच्या लॅपटॉपवर विंडोजची होम आवृत्ती होती आणि तिच्यात ही सोय बंद असते. ती प्रोफेशनल आवृत्तीत मिळते.

"म्हंजे सारं पुसून नवं टाका लागते का?" त्यांनी विचारले.

"नाही. इमारत तीच राहते. काही खोल्यांना कुलूप असते. नवी की टाकली, म्हणजे परवान्याचा नवा क्रमांक टाकला, की त्या खोल्या उघडतात. तुमचा हिशोब आहे तिथेच राहील. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. नसरीनताई वरून जोडल्या की तुमच्यासमोरची स्क्रीन लॉक होईल. तुम्हाला काही दिसणार नाही."

युसुफभाई हसले. "त्यानं काय फरक पडते, सर? पोरगी पाहून राहिली नं."

मी बॅकअप घेतला, क्रमांक टाकला. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. फायली जागच्या जागी होत्या. वर जाऊन नसरीनच्या लॅपटॉपवरून जोडणी करून पाहिली, ती पहिल्याच वेळी लागली. तिने विचारले, "सर, अब्बांच्या समोर आता काय दिसतंय?" मी सांगितले, "फक्त लॉक स्क्रीन." ती चहाचा कप उचलून आत गेली.

काही दिवसांनी तिचाच फोन आला. वर सिग्नल कमी मिळतो, राउटरची जागा बदलावी लागेल. मी सकाळच्या गाडीने गेलो.

तुरीचा हंगाम होता. दुकानासमोर कट्ट्यांची, म्हणजे धान्याच्या पोत्यांची, थप्पी लागली होती. युसुफभाई गादीवर बसले होते. समोर लॅपटॉप, कानात फोनचे छोटे यंत्र. अडत्याला दिवसभर फोन येतातच, त्यामुळे त्या यंत्राचे कोणाला नवल नव्हते. शेतकरी समोरच्या बाकावर बसत. त्यांना लॅपटॉपची पाठ तेवढी दिसे. युसुफभाई स्क्रीनकडे पाहत एकेकाला भाव सांगत, हिशोबपट्टीचे आकडे मोठ्याने वाचत. मध्ये चष्मा कपाळावर चढवत, पुन्हा खाली घेत. मी जिन्याजवळ स्टुलावर उभा राहून राउटरचे खिळे ठोकत होतो.

तेवढ्यात शेषराव आले. खारपाणपट्ट्यातले शेतकरी, युसुफभाईंचे जुने स्नेही. शेषरावांचे वडील होते तेव्हापासून त्यांच्या घरचा माल याच अडतीवर येत होता.

"बाकावर नाई बसत मी," ते म्हणाले. "गुडघा वाकत नाई. तुया गादीवर येतो, सरक."

"ये नं. वजन कमी कर मनतो तुले, तं आयकत नाईस."

"तुया तुरीच्या भावानं वजन उतरलंच हाय, बावा."

बाकावरची माणसे हसली. शेषराव लोडाला टेकून, पाय लांब करून युसुफभाईंच्या शेजारी बसले. युसुफभाई स्क्रीनकडे वळले आणि शेषरावांच्या तुरीची हिशोबपट्टी वाचू लागले. कट्टे, वजन, भाव, हमाली. एकही चूक नव्हती.

शेषरावांनी मान पुढे काढली. मग मोठ्याने म्हणाले, "काहून बे युसुफ, टीव्ही बंद करून बातम्या सांगून राहिला का? इथं तं निरा निळं निळं हाय!"

पुन्हा हशा पिकला. युसुफभाईंचे बोट हवेतच थांबले. त्यांनी चष्मा चढवला, उतरवला. चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ नेला. मग हळूच हात पुढे करून काचेवरून फिरवला. पुसून काही दिसेल अशा आशेने एखादा माणूस फिरवतो तसा.

हसू थांबले. शेषरावांच्या लक्षात आले होते. माझ्याही. वाचायचे काहीच नको हे ते का म्हणाले होते, ते मला त्या क्षणी कळले.

"लाईन गेली असंन," शेषराव घाईने म्हणाले. "आमच्याकडंबी सकायपासून नाई."

डोक्यावरचा पंखा जोरात फिरत होता. बाकावरच्या सगळ्यांनी एकदा वर पाहिले आणि मान खाली घातली.

युसुफभाईंच्या कानातल्या यंत्रातून नसरीनचा बारीक आवाज येत होता. "अब्बा? अब्बा, क्या हुआ? आगे पढूँ?" मी जिना चढून वर गेलो आणि तिला जोडणी बंद करायला सांगितले. साखरेच्या आजाराने वडिलांच्या डोळ्यांचे पडदे गेले होते, हे तिने तेव्हा सांगितले. नागपूरच्या डॉक्टरांनी पुढे काही होणार नाही असे स्पष्ट सांगितले होते. "हा एक हंगाम निभावू द्या, असं म्हणत होते," ती म्हणाली.

वऱ्हाडातले ते दिवस वाईट होते. गावागावांतून वाईट बातम्या येत. बियाण्याच्या पिशवीवरचा लोकांचा विश्वास उडाला होता, पावसाच्या अंदाजावरचाही. माणूस डोळ्यांना दिसेल तेवढेच खरे मानू लागला होता. अशा दिवसांत, न दिसणारा हिशोब वाचणाऱ्या अडतीवर माल कोण आणणार? कोणी वाईट बोलले नाही. भांडण झाले नाही. फक्त ट्रॅक्टर पुढच्या दुकानासमोर थांबू लागले. शेषराव मात्र शेवटपर्यंत येत राहिले. हिशोबपट्टी ते वाचून पाहतही नसत. घडी करून खिशात ठेवत.

हंगाम संपल्यावर युसुफभाईंनी मला शेवटचे बोलावले. अडत बंद झाली होती. गादी गुंडाळून भिंतीशी उभी केली होती. लॅपटॉपवरचे त्यांचे नाव काढून तो नसरीनच्या नावावर करायचा होता. तिला अमरावतीत एका दुकानात हिशोबाचे काम मिळाले होते.

"हे प्रोफेशनल काढून पयल्यासारखं साधं करता येते का, सर?" त्यांनी विचारले.

"वर चढवता येते. खाली उतरवायचे तर सगळे पुसावे लागते."

"राहू द्या मग." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "एक सांगा. त्या दिवशी तिथं दिसून काय राहिलं होतं? शेषराव निळं मनत होता."

मला खोटे बोलता आले असते. "तुमचे नाव होते," मी म्हणालो. "युसुफभाई. आणि खाली इंग्रजीत, लॉक्ड."

"मंग बराबरच लिवलं होतं," ते म्हणाले, आणि नसरीनला चहा टाकायला सांगितले.

त्यांचे नाव मी काढून टाकले. त्या कामाला मिनिटभरही लागले नाही.

आजही वरची आवृत्ती मागणारे ग्राहक येतात. लॅपटॉप कोणता, मेमरी किती, की आहे का, हे सर्व मी नंतर विचारतो. आधी विचारतो की स्क्रीनसमोर कोण बसणार आहे. बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. मी तो तरीही विचारतो.