नौगढच्या वाटेवरचं गाढव

काशीत जन्मलेल्या माणसाला देवावर विश्वास ठेवायची वेगळी खटपट करावी लागत नाही असं म्हणतात. माझं तसं झालं नाही. दुर्गाघाटावर कीर्तनकाराच्या घरात वाढलो, पुढे शाळेत भूगोल शिकवू लागलो आणि दिसेल त्यात खोट काढायची मला सवय लागली. विश्वनाथाला रोज जात होतो, पण कचेरीत अर्ज द्यायला जावं तसा. अमुक व्हावं, तमुक अशा रीतीनं व्हावं, आणि नाहीच झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशीला हजर. देव ऐकतो की नाही याची शंका असूनही त्याला सूचना करायचं मी सोडलं नव्हतं.

माझा खरा जीव सायकलवर. काळी, जड, विलायती सायकल होती ती. दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत ती चालवायची सोयच नाही. तिथं सांडही अंग चोरून जातात. मोठ्या रस्त्यापर्यंत मी ती खांद्यावरूनच न्यायचो आणि लोक म्हणायचे, मास्तर सायकलवर बसतात की सायकल मास्तरांवर? सुटी लागली की सायकल नावेत घालून रामनगरला उतरायचं आणि दक्षिणेला विंध्याच्या डोंगरांकडे सुटायचं. चुनारची वाट सोपी, बरीचशी गंगेच्या अंगानं जाणारी. अहरौऱ्याची धुळीची आणि दगडांच्या गाड्यांनी खिळखिळी झालेली. माझी आवडती तिसरी, चकियावरून नौगढला चढणारी. भातशेतं संपली की ती एकदम जंगलात शिरते, चढावर छातीचा भाता होतो, पण माथ्यावर पोचलं की साल वृक्षांची गार सावली आणि कुठूनसा धबधब्याचा आवाज. देवळात न मिळणारी शांतता मला तिथं मिळायची, हे खरं सांगितलं पाहिजे.

माझ्या वडिलांना, अण्णांना, हे मुळीच पसंत नव्हतं. आई गेल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. गंगेचा पलीकडचा काठ त्यांच्यापुरता केवळ बघण्याचा. शिवाय रामनगर म्हणजे व्यासकाशी. व्यासांनी रागावून तिथं दुसरी काशी वसवली, पण तिथं मरणाऱ्याला मोक्ष नाही, गाढवाचा जन्म मिळतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी सायकल उचलली की अण्णा ओसरीवरून म्हणायचे, "जा बाबा, पण मरायला इकडे ये." मी म्हणायचो, "अण्णा, माती तीच, पाणी तेच. नदीच्या एका काठाला मोक्ष आणि दुसऱ्याला गाढव, हे कुठल्या नकाशात आहे?" ते हसायचे. वाद घालण्यात त्यांना गोडी नव्हती.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता अण्णांनी अंथरूण धरलं. वैद्यांनी नाडी पाहिली आणि माझ्याकडे न बघता पुड्या बांधल्या, तेव्हाच मी काय ते समजलो. अण्णांची एकच इच्छा होती. माझी थोरली बहीण अक्का नौगढच्या जंगलात राहत होती. भावजी काशीच्या महाराजांच्या जंगल खात्यात नोकरीला होते आणि चौकीच्या शेजारीच त्यांचं घर. बरीच वर्षं अण्णांची आणि तिची भेट नव्हती. ते तिकडे जाऊ शकत नव्हते आणि तिचा संसार तिला सुटत नव्हता. "अक्काला एकदा बघायचंय रे," एवढंच ते म्हणाले. त्या दिवसांत डाक वर कधी पोचेल याचा भरवसा नव्हता, बैलगाडीनं जायला वेळ लागला असता. मी सायकलनं जायचं आणि भावजींच्या गाडीतून तिला घेऊन यायचं ठरवलं. पत्नीला अण्णांच्या उशाशी बसवून मी निघालो. या वेळी त्यांनी गाढवाचा विषय काढला नाही. नाव पकडायला निघालेल्या माणसानं म्हणावं तसं म्हणाले, "फिकर नको करूस. तुम्ही येईतो मी थांबतो."

पावसाळ्यात काढून ठेवलेला तरंगता पूल अजून घातलेला नव्हता म्हणून नावेनं रामनगर गाठलं. रामलीलेच्या गर्दीतून वाट काढली आणि चकियापर्यंत ऊर फुटेस्तोवर पॅडल मारलं. घाट चढताना नेहमीसारखं उतरून पाणीही प्यालो नाही. सबंध रस्ता मनात अर्ज लिहिणं चालू होतं: विश्वनाथा, अण्णांना आजचा आणि उद्याचा दिवस दे, गाडी तयार असू दे, ओढ्याला पाणी कमी असू दे. चढ संपून उतार लागला. तो उतार मला पाठ होता, म्हणूनच मी ब्रेक उशिरा दाबला. ब्रेकची सळई तुटली. वळण आलं तेव्हा सायकल वळणावर होती आणि मी नव्हतो.

शुद्धीवर आलो तो खाली ओघळीत, झुडपांत. पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळलेला. उठायला गेलो आणि ओरडलो. मग हाका मारल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन कलायला लागलं तशी मला खरी भीती वाटू लागली. अण्णा तिकडे वाट बघत थांबले होते. मी इथं संपलो तर त्यांना ना मुलगी दिसणार, ना तोंडात गंगा घालायला मुलगा असणार. आणि सांगायला लाज वाटते, पण भूगोल शिकवणाऱ्या या माणसाच्या मनात दुसरा विचार आला तो हा, की मी व्यासकाशीच्याही पलीकडे पडलो आहे, आता गाढवाचा जन्म चुकत नाही. मला हसू आलं आणि हसता हसता रडू कोसळलं. अर्ज लिहायला काही उरलंच नव्हतं. मी डोकं मातीवर टेकलं आणि म्हणालो, "आता तूच बघ." आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे मी सूचनेशिवाय उभा होतो, म्हणजे आडवा होतो.

थोड्या वेळानं गाढव ओरडलं. अगदी जवळ. क्षणभर वाटलं, मी मेलो आणि हा माझाच आवाज आहे. मग वरून एक पागोटं डोकावलं, मी जिवंत आहे का विचारत. "के हौ हो? जियत हउवा?"

"जियत हई, भइया. गोड़ टूट गयल!" पाय मोडल्याचं मी ओरडून सांगितलं.

तो माणूस खाली उतरला. गाढवांवर मीठ आणि मातीची भांडी लादून वरच्या बाजाराला निघाला होता. त्यानं पाय चाचपला, पागोटं फाडून दोन फांद्यांमध्ये तो बांधला आणि मला ओढत रस्त्यावर आणलं. एका गाढवाचं ओझं उतरवून बाकीच्यांवर वाटलं आणि मला त्याच्यावर बसवलं. माझे डोळे गळतच होते. तो म्हणाला, "जियत हउवा न? त रोवत काहे हउवा?" चालताना त्यानं सहज सांगितलं, की तो नेहमी खालच्या पायवाटेनं जातो, पण आज हे गाढव फाट्यावर अडलं. "मार-मार के थक गइली, ई मानबे ना कइलस." मारून दमला, पण ते मानेना; शेवटी त्यानं गाढवाचं ऐकलं आणि या रस्त्याला लागला. आता गाढव अडणं यात नवल कसलं? गाढवं अडतातच. मी जे घडलं तेवढं सांगतो.

तिन्हीसांजेला चौकीवर पोचलो. अक्का दारात दिवा लावत होती. गाढवावर बसलेला भाऊ पाहून तिच्या तोंडून निघालं, "अरे, कुणी धिंड काढली तुझी?" मी म्हणालो, "अण्णा थांबलेत. चल." तिनं दिवा तिथंच ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मग धावपळ झाली. भावजींनी पाय नीट बांधला, गाडी जुंपायला सांगितली. त्या गडबडीत तो माणूस आपली गाढवं घेऊन केव्हा गेला, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

पहाट व्हायच्या आत आम्ही निघालो. वाटेत गाडीच्या प्रत्येक दचक्याला मला ब्रह्मांड आठवत होतं आणि अक्का माझं डोकं मांडीवर धरून नुसती म्हणत होती, "पोचू आपण, पोचू." रामनगरला नाव मिळाली, मल्लाहांनी मला उचलून दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढवल्या. अण्णा थांबले होते. अक्काचा हात त्यांनी हातात घेतला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. मग माझ्या पायाकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, गाढवासकट. मला वाटलं, आता तरी म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो का! कावडीतलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या संताची कथा त्यांनी जन्मभर कीर्तनात सांगितली होती, तीही आता ऐकावी लागेल असं वाटलं. पण त्यांनी फक्त विचारलं, "मग नमस्कार केलास का त्याला?"

"त्या माणसाला? राहून गेलं, अण्णा."

"दोघांनाही," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

त्याच आठवड्यात अण्णा गेले. अक्कानं आणि मी तोंडात गंगा घातली. चेहरा अगदी शांत होता. मी ढसाढसा रडलो, पण त्या रडण्यात तक्रार नव्हती.

पाय बरा झाला, किंचित आखूड राहिला. भावजींनी शोधून पाठवलेल्या सायकलला नवी सळई बसवून मी पुन्हा नौगढला गेलो. वरच्या बाजारात मीठ-भांडीवाले पुष्कळ भेटले, पण तो कुणी सापडला नाही. आणि गाढव तर काय ओळखणार! अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. माझी अडचण टळून गेली होती, तरी तिथं बांधलेल्या एकेका गाढवाला हात लावून नमस्कार करत गेलो. बाजार हसला. हसू दे.

अजूनही विश्वनाथाला रोज जातो. सूचना करायचं सुटलं आहे. कुठं, कुणाच्या रूपात आणि कुठल्या वाटेनं यायचं ते त्याला कळतं, मला कळत नाही, एवढं एक मला कळलं. हल्ली एकच मागणं मागतो. देवा, मरण कुठल्या काठावर द्यायचं ते तू ठरव. आणि गाढवाचा जन्म दिलासच, तर त्या फाट्यावर अडायची बुद्धी दे.