अकरावं हृदय

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवतो. चोवीस वर्षं मृतदेहांच्या सोबतीत गेली, एकानेही कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो मीच... एका जिवंत माणसाला. आम्ही तंजावूरचे मराठी, देवनागरी मी उशिरा शिकलो — चुका सांभाळून घ्या.

गर्भात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक वाट असते. जन्मानंतर ती बुजते. काहींची बुजत नाही, आणि मग तिच्यातून रक्ताची गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. देहदानातून आलेली हृदयं घेऊन मी आणि माझी सहकारी सेल्वी हीच वाट तपासत होतो. बारीक सळई दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या कडेखाली तिरकी सरकवायची. पलीकडे निघाली तर उघडी, अडली तर बंद. दोघांनी वेगवेगळं बघायचं.

अकरावं हृदय. भर सकाळ, खिडक्या उघड्या. माझी सळई अलगद पलीकडे गेली. सेल्वीची अडली.

"बंद आहे, सार."

पुन्हा मी — गेली. पुन्हा ती — अडली.

"तुमचा हात जड झालाय, सार. कॉफी घ्या," ती हसली. "दाबून फाडलं असणार."

भिंगाखाली पाहिलं. कुठेही फाटलेलं नव्हतं.

तिसऱ्यांदा सळई गेली आणि मला सुगुणा आठवली. माझी धाकटी बहीण, राजवाड्यामागे राहायची. सहा वर्षांपूर्वी म्हणाली होती, "अण्णा, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड येतो. काल तर डावा हात दहा मिनिटं माझा नव्हताच."

"मान अवघडली असेल. झोप काढ."

"बरोबर आहे. तुला मेलेल्यांचंच कळतं!"

तीन आठवड्यांनी ती पक्षाघातानं गेली. चाळिशीही गाठली नव्हती. मी सगळ्यांना सांगितलं — अचानक झालं, कुणाला कळणार होतं? तिनं मला विचारलं होतं, हे गिळून टाकलं.

त्याच दुपारी तिच्या मुलीकडे, मैथिलीकडे गेलो. सगळं सांगून टाकलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"ठाऊक आहे, मामा. आई त्याच दिवशी म्हणाली होती, अण्णाला विचारलंय, भिऊ नको." मग तिनं गॅस बंद केला. "मलाही दिसतो तो उजेड. दोन वर्षं झाली. तुला कसं विचारणार?"

असा उजेड दिसणाऱ्यांत ही वाट बरेचदा उघडी सापडते, म्हणून पुढच्या आठवड्यात तिची तपासणी करवली. वाट उघडी निघाली. आता उपचार चालू आहेत.

मैथिलीशी बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अकरावं हृदय पुन्हा हातात घेतलं होतं. सळई अडली. कितीही वेळा घातली तरी अडलीच. सेल्वी म्हणते, आदल्या दिवशी माझाच हात चुकला. असेलही... पण तीन वेळा?

सुगुणाची तर राखही आम्ही कावेरीत सोडली. तिची वाट उघडी होती की बंद, हे आता कुठलीच सळई सांगणार नाही.