साब्रीच्या दारातलं ईस्टरचं गीत

ईस्टरच्या पहाटे सिस्टर इर्मेलाला उठवायची वेळ कधी कुणावर आली नाही, कारण आदल्या रात्री बाई झोपतच नसे. ग्नाडेनाऊ गावच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणत, अगदी कडाक्याचं भांडण चाललेलं असलं तरी. इर्मेलाने जन्मभर कारखान्यात नाताळचे कागदी तारे चिकटवले, आणि मंडळीच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवली. पण तिचा जीव नाताळात नव्हता. "जन्माला काय, सगळेच येतात," ती म्हणायची. "मेल्यावर उठून दाखवलं ते एकानंच!" हे ती किराणा दुकानात म्हणे, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं असताना म्हणे, आणि म्हणताना तिचा चेहरा असा फुलून येई की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बातमी आज सकाळीच आली आहे.

गावाची रीत अशी की ईस्टरला उजाडायच्या आत बँड गल्लोगल्ली फिरतो आणि दारोदार गीत वाजवून माणसं उठवतो. मग सगळे मिळून कबरस्तानात जातात. गेल्या ईस्टरपासून जे देवाघरी गेले त्यांची नावं तिथे मोठ्याने वाचली जातात. सूर्य वर आला की पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, पुकारतात, "प्रभू उठला आहे!" आणि मंडळी उत्तर देते, "प्रभू खरोखर उठला आहे!" त्या उत्तरात इर्मेलाचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. लहान मुलं कानांवर हात ठेवून तयारच राहत.

यंदा त्या नावांमध्ये गोटहोल्डचं नाव होतं. गोटहोल्ड म्हणजे इर्मेलाचा नवरा, हिवाळ्यात गेलेला. "रडायचं नाही," तिने स्वतःला बजावलं होतं. "वाजवायचं!"

गोटहोल्डच्या आजारपणात सगळ्यात जास्त वेळ त्याच्याजवळ बसला तो समोरचा साब्री. गेल्या उन्हाळ्यात तो गल्लीत राहायला आला होता. तुर्की माणूस, मुसलमान, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. रोज संध्याकाळी मसुराच्या सूपचं भांडं आणि सोंगट्यांचा पट काखोटीला मारून तो हजर होई. गोटहोल्डला तो आबी म्हणे, इर्मेलाला आब्ला. त्यांच्या भाषेत दादा आणि ताई. दोघे फाशांवरून भांडत, आणि फासे दमले की देवावरून.

"ईसा, म्हणजे तुमचा येशू, आमचाही पैगंबर, आबी. पण तो मेलाच नाही, तर उठेल कसा?"

"मेला, आणि उठलासुद्धा! चल, फासे टाक, विषय बदलू नकोस."

दोघांपैकी कुणी तसूभरही हटलं नाही, आणि एकही संध्याकाळ चुकली नाही.

शनिवारी बँडची तालीम संपल्यावर भलामोठा ट्यूबा वाजवणारा ब्रदर हार्टमूट घसा खाकरून म्हणाला, "साब्रीचं घर सोडून देऊ या. त्याचा धर्म वेगळा. झोपेतल्या माणसाच्या खिडकीखाली आपला येशू वाजवायचा म्हणजे जबरदस्तीच झाली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इर्मेलाने तर त्याची पाठ थोपटली. "शहाणा आहेस रे!"

आणि खरंच, पहाटे साब्रीच्या घरासमोरून सगळा बँड वाद्यं छातीशी धरून चवड्यांवर चालत गेला. किती समंजस माणसं आपण, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कोपऱ्यावर इर्मेलाने सहज मागे वळून पाहिलं. साब्रीच्या स्वयंपाकघरात दिवा जळत होता. खिडकीत तो उभा होता. अंगात ओव्हरकोट, गळ्यात मफलर, डोक्यावर टोपी. ती बघत असतानाच त्याने टोपी काढली, आणि दिवा मालवला.

ती उलट्या पावली पळत सुटली.

"सिस्टर इर्मेला!" हार्टमूट ओरडला. "अगं, पुढे वेंडलांचं घर आहे! उजाडायला आलंय!"

"त्यांना तू उठव!"

साब्रीच्या दारात पोचली तेव्हा दम लागलेला, ओठ गारठलेले. पहिला सूर असा निघाला की शेपटीवर पाय पडलेल्या मांजराने लाजावं. तिने ओठ चोळले आणि पुन्हा फुंकलं. दुसऱ्या ओळीला तिच्या पाठीमागे भों करून ट्यूबा लागला. हार्टमूट धापा टाकत परत आला होता, आणि त्याच्यामागे सगळा बँड! गल्ली दणाणली. खिडकी उघडली.

"आब्ला," साब्री म्हणाला, "आबीने सांगितलं होतं, 'माझं नाव वाचतील तेव्हा ये.' बँड दारात वाजला की कोट घालून निघायचं म्हणाला. मी कोट केव्हाचा घालून बसलोय. तुम्ही दारावरून चोरासारखे गेलात. मला वाटलं, मी नकोय."

"आम्हाला वाटलं, आम्ही नकोय तुला! आता बोलत काय बसलास? खाली ये, पळ!"

सगळे अक्षरशः पळाले. कबरस्तानात मंडळी जमली होती. तिथे कबरी पुरुषांच्या एका बाजूला, बायकांच्या दुसऱ्या बाजूला, ज्या क्रमाने माणसं देवाघरी गेली त्या क्रमाने. नवरा-बायको शेजारी नसतात, आणि दगड सगळ्यांचे सारखेच, जमिनीलगत. साब्री इर्मेलासोबत गोटहोल्डच्या दगडापाशी उभा राहिला. पाळकांनी नाव वाचलं, "गोटहोल्ड केस्टनर." साब्रीने दोन्ही तळवे वर केले आणि ओठांतल्या ओठांत आपली प्रार्थना म्हटली. हार्टमूटने ते पाहिलं आणि आपली हॅट काढली.

झाडांमागून सूर्य वर आला.

"प्रभू उठला आहे!"

"प्रभू खरोखर उठला आहे!" मंडळी गर्जली.

इर्मेलाचं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या कबरींवर तिने हे किती सहज म्हटलं होतं! आज पायाशी तिचा माणूस होता, आणि दगड फक्त दगड दिसत होता.

"आब्ला, बोला ना."

तिने नकारार्थी मान हलवली.

"मला नाही बोलता येत," साब्री हळूच म्हणाला. "मी म्हटलं तर ते खोटं होईल, आणि आबीच्या उशाशी मी खोटं बोलणार नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही बोला."

मंडळी घराकडे वळू लागली होती. इर्मेलाने छातीभर श्वास घेतला.

"प्रभू खरोखर उठला आहे!"

अख्खं कबरस्तान गर्रकन मागे वळलं. एक पोर दचकून रडायला लागलं. इर्मेला रडत होती, हसत होती आणि पुन्हा तेच ओरडत होती.

साब्रीने टोपी नीट केली. "हां," तो म्हणाला. "आता आबीला ऐकू गेलं असेल."