झेंडे आणि चपला सतरंजीबाहेर

राजकीय पक्षांना चपलांशेजारची जागा दाखवणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत एकच असेल, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. निपाणीकडे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले हे मास्तर मुलाबरोबर मारतहळ्ळीला आले आणि आल्या आठवड्यातच, गटाराला झाकण नाही म्हणून, त्याच गटाराकाठी सतरंजी अंथरून बसले. तेव्हापासून ती निळ्या पट्ट्यांची सतरंजी घरात कमी आणि रस्त्यावर जास्त असते. फलक तिन्ही भाषांत ते स्वतःच रंगवतात. अक्षर इतकं देखणं, की बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराने मुलीच्या लग्नाची पाटी त्यांच्याकडूनच करून घेतली. स्टेज नाही, माईक नाही. "स्टेज दिसलं की पुढारी चढतंयच," हे त्यांचं ठाम मत. सगळे गोल बसतात, त्यामुळे फोटोसाठी पुढची रांग कुठली हेच आलेल्या पुढाऱ्याला कळत नाही. नियम एकच: चप्पल आणि झेंडा सतरंजीबाहेर. तीन पक्षांचे झेंडे चपलांशेजारी गुण्यागोविंदाने भिंतीला टेकलेले मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांचे मालक आत मांडी घालून मास्तरांचा चहा पीत होते.

मागच्या वर्षी मी काम करतो त्या टेक पार्कसमोरचा बसथांबा फ्लायओव्हरपलीकडे हलवला. थांब्यामुळे गाड्या आत घेताना अडचण होते, अशी पार्कवाल्यांची तक्रार. त्यापायी घरकामाला येणाऱ्या बायकांना जीव मुठीत धरून रिंग रोड ओलांडावा लागू लागला. मास्तरांकडे आणि आमच्याकडे स्वयंपाक करणारी लक्ष्मम्मा त्यांतलीच. झालं, मास्तरांनी सतरंजी काढली. मीही गळ्यातलं ओळखपत्र खिशात लपवून अर्धा तास बसायचो, एवढंच माझं शौर्य. एकदा म्हटलं, "मास्तर, अधिकाऱ्यांना भेटायला पार्कवाल्यांनी खास माणूस ठेवलाय."

"पगार देऊन?"

"भरपूर."

"बघा! त्याला तिथं कॉफी देतात. मी तेच काम फुकट करतोय, तर मला पोलीस परवानगी विचारतंय की!"

मग एक स्थानिक पुढारी आला. झेंडा मुकाट्याने बाहेर ठेवून बसला आणि म्हणाला, थांबा परत आणून देतो. फक्त माझ्या वाढदिवसाला स्टेजवर या, अंगावर शाल आणि डोक्यावर पेटा घ्या. मास्तर म्हणाले, "थांबा द्या. शाल नको, मला थंडी वाजत नाही." आम्ही पोट धरून हसलो. आठवड्याने रस्ता ओलांडताना लक्ष्मम्माला स्कूटरने उडवलं आणि तिचं मनगट मोडलं. त्या संध्याकाळी मास्तर माझ्या दारात उभे होते. "त्या पुढाऱ्याचा नंबर आहे काय?" एवढंच विचारलं, बसलेसुद्धा नाहीत.

वाढदिवसाला मी गेलो होतो. मास्तरांनी पायरीखाली चपला काढल्या आणि वर चढले. म्हैसूरी पेटा घसरून चष्म्यावर आला होता, मागे पक्षाचा भलाथोरला झेंडा, आणि पुढारी या थांब्यासाठी स्वतः कसा झटला ते पाऊण तास सांगत होता. मास्तर हात जोडून उभे होते. मला मान वर करून बघवेना. थांबा मात्र महिन्याभरात परत आला. त्यावर पुढाऱ्याचा फोटो इतका मोठा, की बसचे नंबर शोधावे लागतात.

परवा फुटपाथसाठी पुन्हा सतरंजी पडली. बायका गोल बसल्या. मास्तरांनी चपला काढल्या आणि ते तिथेच, चपलांशेजारी, भिंतीला टेकून बसले.

"मास्तर, आत या ना."

"नियम आहे न्हवं? त्यांच्या झेंड्याखाली पागोटं घालून आलोय मी," ते हसत म्हणाले. हसताना माझ्याकडे मात्र बघत नव्हते. आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट या माणसाने आमच्यासाठी मोडली होती.

तेवढ्यात समोरच्या थांब्यावर बस थांबली आणि लक्ष्मम्मा उतरली. "बन्नी मेष्ट्रे, या आत," ती म्हणाली. मास्तरांनी मान हलवली. मग तिने वाद घातला नाही. बायकांना उठवलं, नुकत्याच जुळलेल्या हाताने सतरंजीची कड धरली आणि ओढत ओढत थेट मास्तरांच्या गुडघ्याला आणून टेकवली.

"आता स्वल्प सरका," ती म्हणाली.

मास्तर सरकले. बराच वेळ चष्मा पुसत बसले. सतरंजीची एक कड चपलांवर आली होती, पण त्या दिवशी ती कोणीच नीट केली नाही.