पाहुणीचा विषय

पत्र आलं आणि मी हवेतच गेले. खोटं कशाला सांगू! आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चमधल्या आम्हा लोकांचं, जर्मनीतल्या एका गावाच्या मंडळीशी माझ्या आईच्या काळापासूनचं नातं. दर दोन-तीन वर्षांनी तिकडून पाहुणे यायचे, आम्ही हार घालायचो, ते उपदेश करायचे, फोटो काढायचे आणि जाताना काहीतरी देऊन जायचे. शिलाई मशिनं दिली, बाकडी दिली, एकदा तर लोकरीचे मोजे, तेही एप्रिलमध्ये. या खेपेला पत्रात सगळं उलटंच. या वेळी तुम्ही आम्हाला माणूस द्या, असं लिहिलेलं. तीन महिने आमच्यात राहील, आमच्याबरोबर काम करील असं कुणीतरी. बोलणी करायला त्यांच्यातल्या एक बाई ऑक्टोबरात नाशिकला येणार होत्या, आणि त्या परत जायच्या आधीच्या रविवारी आमच्या कमिटीनं नाव पक्कं करायचं होतं.

ते नाव माझं असावं असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे काय, दुसरं काही सुचतच नव्हतं. आयुष्यभर नर्सची नोकरी केली. रिटायर झाल्यापासून स्कूटरवरून वस्त्यावस्त्यांवर घरगुती प्रार्थनासभा घेत हिंडते. सगळे मला सिस्टर म्हणतात, माझी सूनसुद्धा. मग माझ्यापेक्षा लायक कोण? पत्र वाचलं त्याच संध्याकाळी कॉलेज रोडला जाऊन मी जाडजूड स्वेटर घेऊन आले. सून म्हणाली, अहो, अजून नाव कुठं ठरलंय? म्हटलं, तिकडची थंडी तर ठरलेली आहे ना.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. लहानपणी असेच पाहुणे आले होते, आणि त्यातल्या एका मडमेनं माझ्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला होता. तो तिकडच्या कुठल्याशा मासिकात छापून आला. खाली काय लिहिलंय ते कॉलेजात गेल्यावर कुणीतरी वाचून दाखवलं: भारतातलं एक गरीब लेकरू. माझे वडील मास्तर होते, आणि त्या दिवशी मी नवाकोरा फ्रॉक घातला होता! तो राग मी इतकी वर्षं लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. आता मी तिकडे जाणार, त्यांच्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवणार, आणि फोटोही मीच काढून आणणार. नुसत्या विचारानं अंगावर मूठभर मांस चढायचं.

कमिटीचा रंग मात्र वेगळा होता. सेक्रेटरीकाकांच्या डोक्यात एकच, माणूस इंग्रजी फाडफाड बोलणारा पाहिजे. आमच्यातला एक इंजिनियर त्यांनी मनात धरूनच ठेवला होता. तरी न्याय दिसावा म्हणून त्यांनी ठरवलं की ज्याला जायचंय त्यानं रविवारी सगळ्यांसमोर पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. मी तीन आठवडे आरशासमोर उभी राहून घोकलं. नातवंडं दाराआडून हसायची, मी चप्पल दाखवायची, पुन्हा सुरू.

पाहुण्या बाई आल्या आणि माझ्याच घरी उतरल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, पायात जाड बूट. याआधीही पाहुण्यांच्या घोळक्यात येऊन गेलेल्या, पण मी कधी त्यांच्याशी नीट बोलले नव्हते. बेकरीत पाव भाजण्यात सगळा जन्म गेला, असं म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं! मी विचारलं, तुमच्या गावात इंग्रजी कोण कोण बोलतं? त्यांनी जरा विचार करून दोन बोटं दाखवली. मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. आमची परीक्षाच चुकीच्या भाषेत होती, आणि एकाही शहाण्याला हे विचारायचं सुचलं नव्हतं, मलाही नाही.

आता मीच कशी योग्य ते बाईंना दाखवायला पाहिजे, म्हणून गुरुवारी त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि दिंडोरीच्या पलीकडे एका वस्तीवर सभेला घेऊन गेले. सभा मावशीच्या घरी असते. वयानं माझ्याहून लहान, पण सगळी वस्ती तिला मावशीच म्हणते. पेठ तालुक्याकडून द्राक्षाच्या बागेत कामाला आली आणि इथलीच झाली. छाटणीचे दिवस होते. छाटलेल्या काड्यांना फुटवा यावा म्हणून लावतात ती लाल पेस्ट लावून लावून तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

आमच्या सभेची रीत सांगते. सतरंजीवर गोल बसायचं. एका बाजूनं प्रत्येकीनं आपला विषय सांगायचा, म्हणजे कशासाठी प्रार्थना हवी ते. पण आपल्या विषयाची प्रार्थना आपण करायची नाही, शेजारणीनं करायची. पुढचा आठवडाभर तो विषय तिनं वागवायचा आणि पुढच्या गुरुवारी आल्या आल्या विचारायचं, काय झालं गं त्याचं? एवढंच. पण परदेशी पाहुणे आले की आम्ही काय करायचो? त्यांना खुर्ची द्यायची, खुर्चीवर धुतलेली चादर टाकायची, आणि खुर्ची गोलाच्या बाहेर, भिंतीशी ठेवायची. केवढा तो मान! त्या मानापायी त्यांच्या शेजारी कुणी नसायचं, आणि विषय फिरत फिरत त्यांना ओलांडून पुढं जायचा. इतक्या वर्षांत हे कुणाला खटकलं नव्हतं.

त्या दिवशी मावशीच्या घरातल्या एकुलत्या एका खुर्चीचा पाय मोडलेला होता. मी चिडले, शेजारून आणायची नाही का म्हणून. मावशीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, सतरंजीवर हात मारून बाईंना जागा दाखवली, आणि त्या बूट काढून खुशाल मांडी घालायला लागल्या. मांडी काही जमेना, मग पाय पसरून बसल्या. मावशी त्यांच्या डाव्या अंगाला, उजव्या अंगाला दुसरी एक बाई, जिची शेळी दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हती.

विषय सुरू झाले. कुणाच्या मुलीची नर्सिंगची ॲडमिशन, कुणाचा नवरा कामाला सुरतेला गेलेला आणि फोन उचलत नव्हता. फिरत फिरत बाईंपर्यंत आलं. मी सवयीनं पुढच्या बाईकडे मान वळवली. तर मावशी बाईंकडे बघून सरळ म्हणाली, "बाई, तुमचा विषय काय हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, अगं, पाहुण्या आहेत त्या, त्यांना काय विचारतेस! मावशी शांतपणे म्हणाली, "पाहुणी हाय म्हणून तिला दुःख नाय का?" आता भाषांतर तर मलाच करायचं होतं. आणि मी काय केलं? ऐकाच. मी बाईंना विचारलं, तुम्ही आरामात बसलात ना? बाई हसून मान डोलवत राहिल्या.

मावशी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "सिस्टर, ती हसली. दुःख इचारल्यावर कोण हसतं? नीट इचारा."

चोरी पकडली गेली. मी खाली मान घालून नीट विचारलं. बाईंचं हसू गेलं. बराच वेळ त्या सतरंजीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मग बोलल्या, आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. जूनमध्ये त्यांचा नवरा गेला. रविवारी चर्चला आता सातच माणसं येतात, सगळी म्हातारी, कोट घालूनच बसतात. नवीन वर्षापासून चर्चला कुलूप लागणार आहे. माणूस मागितला तो उपदेशाला नव्हता. कुणीतरी दार वाजवावं, आत यावं, बसावं, एवढ्यासाठी मागितला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "मी इथं चार वेळा आले. हे मला कुणी कधी विचारलं नाही. आणि आम्ही द्यायला येतो असंच मला वाटायचं, म्हणून मीही कधी सांगितलं नाही."

मावशीनं आपल्या लाल हातांत त्यांचे हात घेतले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. देवा, हिचा नवरा गेला, हिच्या घरात लय गप्प गप्प हाय, हिचं दार वाजू दे. बाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं आणि त्या हमसून हमसून रडत होत्या. मग रीतीप्रमाणे त्यांची पाळी आली. डोळे पुसून त्या उजवीकडच्या बाईकडे वळल्या आणि जर्मन भाषेत दिंडोरीच्या शेळीसाठी अशी काही घसा फोडून प्रार्थना केली की पोरीबाळी तोंडात पदर कोंबून हसल्या, आणि बाईही हसल्या. त्या घरात असा काही आनंद झाला की काय सांगू! मला उठून नाचावंसं वाटत होतं आणि तोंड लपवावंसंही वाटत होतं.

पुढचे तीन दिवस स्वतःशीच भांडत होते. पाहुण्यांवर जन्मभर राग धरला, पण त्यांना कधी कसं आहात म्हणून विचारलं नाही. एकीनं विचारलं, तर मी मध्ये तंगडी घातली. आणि निघाले होते तिकडे जाऊन लेकरांच्या डोक्यावर हात ठेवायला. मी तर त्या मडमेचीच जागा मागत होते की!

रविवार आला. इंजिनियर छान बोलला, टाळ्या पडल्या. माझं नाव पुकारलं. कागद हातात होता, पाठही झाला होता. मी उभी राहिले आणि मराठीत म्हणाले, "माझं नाव काढून टाका. दिंडोरीच्या मावशीला पाठवा."

झालं, गलका उठला. सेक्रेटरीकाकांनी भाषा काढली, पासपोर्ट काढला, थंडी काढली, विमानातला संडास काढला. मग माझ्याही तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, पहिले मिशनरी बोटीतून उतरले तेव्हा त्यांना मराठी येत होतं का? आपल्याच माणसांनी ओट्यावर बसवून शिकवलं त्यांना. मग हिला शिकवतील ते, शिकवू द्या ना त्यांना. गुरुवारी काय घडलं तेही सगळं सांगितलं, माझ्या खोट्या भाषांतरासकट. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी बाईंना विचारलं, तुमचं काय म्हणणं? त्या म्हणाल्या, ती आली तर मी स्टेशनवर एक तास आधी जाऊन उभी राहीन. हात वर झाले, आणि सगळ्यात शेवटी का होईना, काकांचाही झाला.

मग कुणाला दम निघतोय? स्कूटरी, एक रिक्षा, पाळकसाहेबांची गाडी, सगळी वरात दिंडोरीला. मावशी भांडी घासत होती. ऐकून घेतलं, हात धुतले आणि अटी घातल्या. द्राक्षं उतरल्यावर येईन, आधी नाय. आणि त्या बाईनं मला पाव करायला शिकवायचं. नुसती द्यायला मी नाय जाणार. बाईंना सांगितलं, तर त्या तिथंच हवेत कणीक मळून दाखवायला लागल्या. काय हशा, काय गडबड! पेढे कुणी आणले देव जाणे. मी सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

निघताना मावशीनं माझा दंड धरला आणि मला मागं ठेवलं. बाकीचे गाड्यांपाशी पोचेपर्यंत थांबली. मग विचारलं, "सिस्टर, तुम्हाला जायचं होतं ना?"

मी म्हटलं, छे गं, माझं काय, माझं वय झालं. ती नुसती बघत राहिली. मग मात्र मला खोटं बोलवेना. म्हटलं, "हो. लय जायचं होतं."

"मग रडून घ्या," ती म्हणाली. "मी बसते हितं."

आणि ती माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसली. बाहेर सेक्रेटरीकाका हॉर्नवर हॉर्न देत होते, पण माझं रडून होईपर्यंत ती जागची हलली नाही.