हजररावांच्या घरची तक्रार

ओव्हन दुरुस्त करणाऱ्या त्या मेकॅनिकला गिऱ्हाइकांनी 'हजरराव' असं नाव ठेवलं होतं, आणि ते त्याला मनापासून आवडायचं. फोन ठेवला की माणूस दारात. चपला बाहेर, खांद्याला पिशवी, तोंडात साखर. "काय होतंय ताई? अगदी पहिल्यापासून सांगा," म्हणून तो स्टुलावर बसायचा आणि बाई ओव्हनवरून सुरू होऊन सुनेपर्यंत पोचली तरी मान डोलवत ऐकायचा. असा ऐकून घेणारा पुरुष कुणाच्या नशिबी असतो? त्याच्या बायकोचा हेवा करणाऱ्या बायका गल्लोगल्ली होत्या.

त्याच्या बायकोपर्यंत मात्र ही बातमी पोचलेली नव्हती.

ती कोपऱ्यावरच्या चहावाल्याला रोज सकाळी केक करून द्यायची. आताशा तिच्या ओव्हनने डोळे वटारायला सुरुवात केली होती. नॉब फिरवला की आतला गॅस पेटवणारा इग्नायटर नुसता लाल होऊन बसायचा, बर्नर पेटायचं नाव नाही. तिची भांडी घासून व्हायची, कपडे वाळत घालून व्हायचे, मग कधीतरी स्वारीची मर्जी व्हायची. तिने नवऱ्याला चहाच्या वेळी सांगितलं, जेवताना सांगितलं. त्याने पेपराच्या आडून एकदा डोकावून निदान केलं. "आत लाल दिसतंय ना? मग झालं. तुलाच मेली घाई असते."

गेल्या आठवड्यात चहावाल्याने तोंडावर सांगितलं, "वहिनी, आणखी एकदा उशीर झाला तर मी दुसरीकडून केक घेईन." तेही तिने घरी सांगितलं. हजरराव म्हणाले, "बघू रविवारी." रविवार आला, हजररावांनी ताणून दिली आणि रविवार गेला. त्या घरात तेवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती, आणि ती हातची जायची वेळ आली होती.

सोमवारी तिने नवऱ्याच्याच कंपनीत फोन लावला आणि चारचौघींसारखी तक्रार नोंदवली.

ऑफिसातल्या बाईने सगळ्यांदेखत पत्ता वाचून दाखवला. "ओळखीचा वाटतोय का हो, हजरराव?" सगळं ऑफिस पोट धरून हसलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटभर तो काय काय बोलायचं ते घोकत आला. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकतो तर शेजारच्या काकू चहाचा कप घेऊन ऐसपैस बसलेल्या. त्यांना मुद्दाम बोलावलंय, हे कळायला तो काही दूधखुळा नव्हता. परक्या माणसासमोर आवाज चढवणं त्याच्या नावाला शोभलं नसतं.

"या," बायको म्हणाली. "चपला बाहेर काढा."

त्याने काढल्या. स्टुलावर बसला. जिभेला सवय असते, दुसरं काय. "काय होतंय ताई?" तो बोलून गेला.

काकूंना चहाचा ठसका लागला.

बायकोने मात्र न हसता सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि त्याला ते ऐकावं लागलं. मग त्याने प्लग काढला, गॅस बंद केला, ओव्हनचा तळ उघडून वायरीला मीटर अडकवला. पुन्हा सगळं चालू करून आकडा बघितला आणि मान हलवली. पुढचं भाषण त्याला पाठच होतं. "लाल होणं वेगळं आणि तापणं वेगळं. हा पुरता तापल्याशिवाय गॅसचा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही. गॅस जरा जरा येतो, आत साठतो आणि एकदम भडका होतो. असा ओव्हन वापरायचा नसतो. आधीच का नाही कुणाला दाखवलात?"

शब्द तोंडातून गेले आणि त्याने जीभ चावली.

"दाखवला होता की," ती म्हणाली. "आमच्या घरात एक जाणकार आहेत. ते म्हणाले, लाल दिसतंय ना, मग झालं."

"कोण गं तो दिवटा?" काकूंनी विचारलं.

त्याने पुन्हा सगळं बंद केलं आणि जुना भाग काढायला ओव्हनमध्ये मान घातली. बाहेर असण्यापेक्षा तिथे बरं वाटत होतं. आतूनच त्याने पुढचा प्रश्न विचारला, तो प्रत्येक घरी विचारावाच लागतो. "कधी भडका झाला होता का?"

"झाला ना. मागच्या महिन्यात. डावी भुवई गेली. रोज पेन्सिलीने काढते."

तो बाहेर आला आणि त्याने तिच्याकडे बघितलं. डावी भुवई खरंच रेघेची होती, उजवीपेक्षा जरा वर चढलेली, जणू त्याच्या प्रत्येक बोलण्यावर ती महिनाभर शंका घेत होती. हाच चेहरा रोज ताटासमोर असायचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने पिशवीतून नवा इग्नायटर काढला, बोटं लागू नयेत म्हणून फडक्यात धरून बसवला, वायरी जोडल्या, प्लग लावला, गॅस सोडला, नॉब फिरवला. इग्नायटर पिवळाधमक झाला, बारीक फुस्स झालं आणि बर्नरवरून निळी ज्योत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. बायको वाकून बघत राहिली. उद्याचा केक वेळेत जाणार होता. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवलेही नाहीत.

त्याने सामान आवरलं. दारापाशी जाऊन सवयीप्रमाणे विचारलं, "आणखी काही तक्रार?"

ती ओव्हनकडून त्याच्याकडे वळली. "आहे. पण ती तुमच्या कंपनीत नोंदवून घेत नाहीत."

काकूंनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि त्या हळूच उठून गेल्या. मेकॅनिकचा फोन वाजला. ऑफिसातली बाई विचारत होती, काम झालं का, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय.

त्याने पिशवी खाली ठेवली आणि स्टूल ओढून घेतलं.

"नाही झालं," हजरराव म्हणाले. "त्यांना दुसरा माणूस पाठवा. मला इथे वेळ लागेल."